फळा, पडदा आणि गोणपाट

प्राथमिक शाळेत संगणक आला, भिंतीवर पडदा लागला, पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड छापला गेला. आता ज्ञान सर्वांना खुले झाले, असे आमचे शिक्षक मित्र मोठ्या विश्वासाने सांगतात. त्यांचे कष्ट मी पाहिले आहेत, हेतूविषयी शंका नाही. पण शाळेतले कोणतेही साधन समाजव्यवस्थेच्या बाहेरून येत नाही, एवढी साधी गोष्ट या उत्साहात विसरली जाते.

फळा हेही एके काळचे नवे साधनच. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात शिक्षकांनी बाबासाहेबांना गणित सोडवायला फळ्याकडे बोलावले, तेव्हा फळ्यामागचे डबे बाटतील म्हणून वर्गातल्या पोरांनी धावत जाऊन ते उचलले. त्याआधी साताऱ्यात ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांचे नाव सरकारी शाळेत दाखल झाले होते. त्या शाळकरी दिवसांत बसायचे गोणपाट रोज घरून आणायचे आणि संध्याकाळी परत न्यायचे, कारण शाळेचा नोकर त्याला शिवत नसे. शाळेत नळ होता. मात्र त्याला स्वतः हात लावायची मुभा नव्हती. शिपाई नसला तर पाणी नाही. नळ हे यंत्रच की! म्हणून डिजिटल शाळेबद्दल माझा पहिला प्रश्न हाच असतो: तोटी कोणाच्या हातात आहे?

हा प्रश्न मला पुस्तकातून सुचलेला नाही. माझे आईवडील निरक्षर. मी शिकलो त्या शाळेत खडू-फळा मोहिमेतले साहित्य कपाटात कुलूपबंद असे. तपासणीच्या दिवशी ते टेबलावर मांडले जाई. टेबल पुसायचे काम आम्हा वस्तीतल्या पोरांचे. पृथ्वीचा गोल मी पहिल्यांदा हाताने फिरवला तो नोकरीला लागल्यावर.

२०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला आणि लोकवर्गणीतून शाळा डिजिटल करण्याची लाट उसळली. लोकवर्गणी हा शब्द ऐकायला गोड आहे. सरकारने द्यायचे ते गावाने द्यावे, असा त्याचा अर्थ. कृष्णाकाठच्या बागायती गावात वर्गणी भरेल. जतच्या कोरड्या वाडीत ती कोण भरणार? आणि जो भरतो त्याचा शब्द शाळेत चालतो, हे वेगळे सांगायला नको.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने तर उलटी वाट धरली. १५ ऑगस्ट २०२२ पासून तिथे संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही, मोबाईल बंद. पोरांनी अभ्यासाला बसायचे. यंत्राला शिस्त लावणारा हा निर्णय धीट आहे. (अभ्यासाची वेळ देवळाने सांगावी हे मात्र मला खटकते.) तरी एका खोलीच्या घरात, मजुरीवरून आलेली आई सातला चूल पेटवते तेव्हा, भोंगा वाजल्याने अभ्यासाचा कोपरा निर्माण होत नाही.

मला महत्त्वाचा वाटतो तो माण तालुक्यातल्या विजयनगरचा प्रयोग. २०२० च्या टाळेबंदीत जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक बालाजी जाधव यांनी स्मार्टफोन नसलेल्या मुलांना साध्या फोनवर, कॉन्फरन्स कॉलने एकत्र जोडून शिकवले. राज्यभर ऑनलाइन वर्गांचा गाजावाजा चालू होता, तेव्हा इथे ज्या घरात कमी आहे त्या घरापासून विचार सुरू झाला. साधन जुने, पण दृष्टी लोकशाहीची. आमच्या शिक्षणखात्याच्या योजना नेमक्या उलट्या दिशेने चालतात: आधी यंत्राची खरेदी, मग मुलाचा शोध.

आणि मूल सापडतेच असे नाही. दिवाळीच्या सुमारास बीडकडच्या टोळ्या सांगली-साताऱ्याच्या कारखान्यांवर उतरतात. त्यांच्या पोरांच्या गावी शाळेत पडदा असेलही. इकडे उसाच्या फडाकडेच्या कोपीत धाकट्या भावंडाला सांभाळत बसलेल्या पोरीच्या हजेरीपुढे तिकडे गैरहजर अशी खूण होते.