यादीतली जागा आणि माळावरचा पक्षी

इस्लाम व रहमानी यांच्या 'इम्पॉर्टंट बर्ड एरियाज इन इंडिया' (२००४) या ग्रंथात पक्ष्यांसाठी महत्त्वाची ४६६ स्थळे होती. २०१६ च्या आवृत्तीत ती ५५४ झाली. लडाखच्या थंड वाळवंटातल्या त्सो मोरीरीला आणि सोलापूरच्या माळरानाला एकच निकष लावले, हे ग्रंथाचे बळ. मर्यादा अशी की, यादीत नाव आल्याने कायद्याचे संरक्षण मिळत नाही. आणि कायदा तरी कुठे पुरतो? नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ चे. पण माळ 'पडीक' समजला गेला आणि माळढोक दुर्मिळ झाला. अधिवासावर सतत नजर हवी. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या शिक्षकांनी वालधुनीकाठचे, बारवी परिसरातले पक्षी विद्यार्थ्यांसह दरमहा मोजावेत. याद्या अशाच नोंदींवर उभ्या राहतात.