पुन्हा तेच बटण

एम.एस्सी.ला असताना आमच्या सरांनी एकदा फळ्यावर काहीच न लिहिता तास सुरू केला. म्हणाले, कॅल्क्युलेटर काढा, रेडियनमध्ये लावा, मनात येईल ती संख्या टाका आणि कॉसचं बटण दाबत राहा. कुणी रोल नंबर टाकला, कुणी जन्मसाल, एकाने वडिलांच्या स्कूटरचा नंबर. सुरुवातीला आकडे खाली-वर उड्या मारत होते. १ पासून निघालं तर ०.५४०३, मग ०.८५७६, मग ०.६५४३, मग ०.७९३५. एकदा कमी, एकदा जास्त, पण उडी दर वेळी आधीपेक्षा आखूड. पन्नास-साठ वेळा बटण दाबून झालं आणि सगळ्या बाकांवर एकच आकडा येऊन बसला, ०.७३९०८५१३३२. आता कितीही दाबा, तो हलेना.

माझ्याकडे मात्र ०.९९९८४७७, आणि तोही तिसऱ्याच दाबाला. मी कॅल्क्युलेटर वहीखाली सरकवायच्या बेतात होते. सर बाकाशी आले, पाहिलं आणि हसले. “तुझं डिग्रीत आहे. पण चुकलेलं नाही. तू दुसऱ्याच फलाचा स्थिर बिंदू काढलास, आणि आमच्यापेक्षा लवकर.”

त्यानंतर फळ्यावर जे आलं ते बानाखचं आकुंचनाचं प्रमेय. पुढे तीसेक वर्षं मी ते शिकवलं. एखादी चीज वर्षानुवर्षं ऐकली की त्यातली एखादीच हरकत आपल्याला धरून ठेवते. मला या प्रमेयातला एकच शब्द तसा धरून ठेवतो. तो कोणता हे सांगण्याआधी प्रमेय सांगायला हवं.

मेट्रिक स्पेस म्हणजे बिंदूंचा असा समूह की ज्यात कुठल्याही दोन बिंदूंमधलं अंतर मोजता येतं, आणि आडवळणाने गेलं तर वाट सरळ वाटेपेक्षा कमी भरत नाही. ती स्पेस संपूर्ण असावी, म्हणजे जी वाटचाल स्वतःशीच आवळत जाते तिला शेवटी पोचायला जागा असावी. तिच्यात एक फल घ्या. ते स्पेसमधल्या प्रत्येक बिंदूला स्पेसमध्येच कुठेतरी पाठवतं, आणि कुठल्याही दोन बिंदूंमधलं अंतर एका ठरावीक पटीने तरी कमी करतं. ही पट एकाहून लहान. तिला क म्हणू. एवढं असेल तर एक बिंदू असा असतो की ते फल त्याला जागचं हलवत नाही. हाच स्थिर बिंदू, आणि तो एकच असतो. आणि कुठूनही निघा, तेच फल पुनःपुन्हा लावत गेलात की तिथेच पोचता.

माझा शब्द आहे ‘ठरावीक’. नवा विद्यार्थी तो हमखास गाळतो. त्याला वाटतं, फल दोन बिंदूंना जवळ आणतं, बस, झालं काम. तर एक गंमत करून पाहा. एकपासून पुढच्या सगळ्या संख्या घ्या आणि नियम ठेवा, संख्येत तिचाच व्यस्त मिळवायचा. १ चे २, २ चे २.५, मग २.९, मग ३.२४ च्या वर. कुठल्याही दोन संख्या घेतल्या तरी नियम लावल्यावर त्यांच्यातलं अंतर आधीपेक्षा कमीच होतं, तपासून पाहा. पावलंही आखूड होत जातात. तरी शंभर वेळा नियम लावला की आपण चौदाच्या पुढे गेलेलो असतो आणि कुठेच टेकत नाही. टेकणार कसं? जागेवर राहायचं तर मिळवलेला व्यस्त शून्य असायला हवा, आणि शून्य हा कुणाचाच व्यस्त नाही. इथे प्रत्येक जोडी जवळ येते, पण जसजसं पुढे जावं तसतसं जवळ येण्याचं प्रमाण एकाच्या जवळ सरकत जातं. सगळ्या जोड्यांना पुरेल असा एक क सापडत नाही. बानाख मागतो तो सगळ्यांसाठी एकच क. त्या एका अटीवर सगळं उभं आहे.

आता सिद्धता पाहा. एकमेवपणाचा भाग एका दमात सांगून होतो. समजा दोन स्थिर बिंदू आहेत. दोघंही हलत नाहीत, म्हणजे त्यांच्यातलं अंतर तेवढंच राहायला हवं. पण फल तर प्रत्येक अंतर क पटीवर आणतं. कमी होऊनही तेवढंच राहणारं अंतर शून्याखेरीज दुसरं कुठलं? म्हणजे दोन बिंदू नव्हतेच, एकच होता. याहून कमी शब्दांत गणितात फारसं काही सिद्ध होत नाही.

अस्तित्वाचा भाग थोडा लांब आहे, पण त्याची चाल त्याहून देखणी. कुठूनही निघा. पहिलं पाऊल जेवढं असेल तेवढं असो. दुसरं त्याच्या क पट, तिसरं क च्या वर्गाएवढ्या पट, असं करत सगळ्या पावलांची बेरीज भूमिती श्रेणी होते. अकरावीला आपण जी श्रेणी घोकतो तीच. क अर्धा धरा, म्हणजे पहिल्या पावलानंतरचा उरलेला सगळा प्रवास, अनंत पावलांचा, मिळून त्या पहिल्या पावलापेक्षा मोठा नाही. म्हणून चाल आवळत जाते, संपूर्णतेमुळे तिला मुक्काम मिळतो, आणि मुक्कामावर फल लावून पाहिलं तर तो हलत नाही. मला इथे दर वेळी मौज वाटते ती अशी, की मुक्काम कुठे आहे हे आपल्याला ठाऊक नसतं, तरी तो किती लांब आहे हे ठाऊक असतं. क अर्धा असेल तर तो शेवटच्या पावलापेक्षा जास्त लांब असूच शकत नाही. क एक दशांश असेल तर शेवटच्या पावलाच्या नवव्या हिश्शात. क ०.९९ असेल तर मात्र नव्व्याण्णव पट लांब असू शकतो, आणि तिथे आखूड पाऊल बघून खूश होणारा फसतो.

कॉसच्या बटणालाही हेच लागू आहे. खरं तर सगळ्या संख्यांवर कॉस हे आकुंचन नाही. काही ठिकाणी त्याचा उतार थेट एकाला भिडतो. पण पहिल्याच दाबाला आपण उणे एक ते एक या पट्ट्यात येऊन पडतो, आणि तिथे उतार ०.८४१५ च्या वर जात नाही. स्कूटरचा नंबर टाकणाऱ्याला बटणाने आधी घरात आणलं, मग आवळलं. माझ्या डिग्रीतल्या कॉसची पट तर ०.०००३ च्या आसपास. म्हणून तीन दाबांत काम झालं.

‘संपूर्ण’ या शब्दाची परीक्षा घ्यायची तर दोनचं वर्गमूळ घ्यावं. नियम असा, संख्येचं अर्ध आणि तिचा व्यस्त यांची बेरीज. १ ते २ या पट्ट्यात हे फल पट्ट्यातच राहतं आणि क अर्धा पुरतो. १ पासून निघालं की ३/२, मग १७/१२, मग ५७७/४०८. शुल्बसूत्रांत दोनच्या वर्गमुळासाठी एक अधिक एक तृतीयांश अशी सुरुवात करून दिलेली जी किंमत आहे, तिची बेरीज करून पाहिलीत तर नेमका हाच ५७७/४०८ हाती येतो. शेवटचं पाऊल १/४०८ चं, म्हणून बानाख सांगतो की चूक ०.००२५ च्या आत आहे. प्रत्यक्षात ती ०.०००००२ च्या जवळपास. बानाख हा जपून वागणारा हिशेबनीस आहे. तुमच्या खात्यात असतील त्याहून कमीच सांगेल, जास्त कधी नाही. पण हाच खेळ फक्त अपूर्णांकांत खेळलात तर? प्रत्येक पाऊल अपूर्णांकावर पडतं, पावलं आवळतात, आणि जिथे पोचायचं ते ठिकाणच तिथे नसतं. वाट सरळ, गाव गायब. परीक्षेत ‘संपूर्णतेची गरज कुठे लागली?’ असा प्रश्न मी दर वर्षी घालत असे आणि निम्मी मुलं दर वर्षी तो सोडून देत.

इथवर बिंदू म्हणजे संख्याच होत्या. प्रमेयाचा खरा रस बिंदू म्हणजे अख्खी वक्ररेषा झाली की लागतो. एक वाढ अशी घ्या की तिचा वेग तिच्या आकाराएवढाच, आणि आरंभी आकार १. हेच संकलनाच्या भाषेत लिहिलं तर नियम मिळतो, कुठलीही रेषा द्या, शून्यापासून तिचं संकलन करा, त्यात १ मिळवा. हवी असलेली रेषा म्हणजे या नियमाने न बदलणारी रेषा. मुद्दाम मूर्खासारखी सुरुवात करू. सपाट रेषा घेऊ, सगळीकडे १. एकदा नियम लावला की १ + क्ष. पुन्हा लावला की त्यात क्ष वर्ग भागिले दोन येऊन मिळतो. पुन्हा लावला की क्ष घन भागिले सहा. घातांकी श्रेणी एकेक पद करून आपल्या डोळ्यांसमोर उभी राहते, जणू सपाट मळ्यावर कुणी एकेक रेघ ओढून शेत आखतंय. दोन रेषांमधलं अंतर म्हणजे त्यांच्यातली जास्तीत जास्त दरी, आणि शून्य ते अर्धा या पट्ट्यात क अर्धा. ही पायरी-पायरीने जवळ जाण्याची युक्ती पिकारने १८९० च्या सुमारास विभेदक समीकरणांसाठी वापरलीच होती. बानाखने तिच्यातलं नेमकं काय काम करतं ते वेगळं काढलं.

स्तेफान बानाख क्राकोवचा, जन्म १८९२. गणितात तो बराचसा स्वतःच घडला. १९१६ मध्ये क्राकोवच्या बागेत गणिती ह्यूगो स्टाइनहाउसच्या कानावर दोन तरुणांच्या बोलण्यातला ‘लबेगचं संकलन’ हा शब्द पडला. त्या दोघांतला एक बानाख. त्याने १९२० मध्ये ल्वूव विद्यापीठात प्रबंध सादर केला आणि तो १९२२ मध्ये ‘फुंदामेंता मातेमातिके’च्या तिसऱ्या खंडात फ्रेंचमध्ये छापून आला. प्रबंधाच्या नावातच अमूर्त संचांवरच्या क्रिया आणि संकलन समीकरणं दोन्ही आहेत. ज्याला आज बानाख अवकाश म्हणतात त्याची व्याख्या या निबंधात आहे, आणि आकुंचनाचं प्रमेय त्यातला एक टप्पा. त्याने ते आपल्या नॉर्म असलेल्या अवकाशांसाठी मांडलं. मेट्रिक स्पेसमध्ये ते १९३० मध्ये इटलीच्या रेनातो काच्चोपोलीने आणलं. ल्वूव आज युक्रेनमध्ये आहे, ल्वीव्ह.

एक कुरकुर केल्याशिवाय राहवत नाही. या प्रमेयाच्या नावाने आपल्याकडे आणि जगभरात जेवढी ‘व्यापक रूपं’ छापली गेली तेवढी क्वचितच दुसऱ्या कशाची छापली गेली असतील. अंतराच्या असमानतेत चार-पाच पदं घुसवायची, सहगुणकांची बेरीज एकाहून लहान ठेवायची, आणि जुनीच भूमिती श्रेणी नवं लुगडं नेसून उभी करायची. १९७७ मध्ये रोड्सने अशा शंभरावर व्याख्यांची तुलना मांडली. मीही संशोधनाच्या काळात त्यात एकाची भर घातली आहे, आणि ती कुणी वाचली नाही याचं मला समाधान आहे.

पण त्या गर्दीत एक खरा मोती आहे आणि तो भारतीय आहे. १९६८ मध्ये कलकत्ता मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बुलेटिनमध्ये आर. कन्नन यांनी अट बदलली. फल लावल्यावरचं दोन बिंदूंमधलं अंतर मोजताना त्यांनी मूळ अंतराला हातच लावला नाही. प्रत्येक बिंदू स्वतः किती हलला एवढंच पाहिलं, आणि त्या दोन हलण्यांच्या बेरजेच्या अर्ध्याहून लहान अशा ठरावीक पटीत ते अंतर राहिलं की पुरे असं म्हटलं. (इथेही ‘ठरावीक’ आलंच.) असं फल अखंड असायलाही हवं असं नाही. पुढे १९७५ मध्ये सुब्रमण्यम यांनी दाखवलं की ज्या मेट्रिक स्पेसमध्ये प्रत्येक कन्नन-फलाला स्थिर बिंदू असतो ती स्पेस संपूर्ण असतेच. बानाखच्या आकुंचनांवरून हा उलटा निष्कर्ष निघत नाही. संपूर्ण नसलेल्या काही स्पेसमध्येही प्रत्येक आकुंचनाला स्थिर बिंदू मिळतो. एवढ्या एका बाबतीत शिष्याची अट गुरूच्या अटीपेक्षा जास्त चाणाक्ष ठरली.

आणि हे ‘पुन्हा तेच’ आपल्याला काही पोलंडमधून कळलं नाही. ग्रह कक्षेत कुठे आहे हे काढायच्या केप्लरच्या समीकरणात अज्ञात कोन दोन्ही बाजूंना येतो, एका बाजूला नुसता, दुसऱ्या बाजूला त्याची साइन विकेंद्रतेने गुणून. उजव्या बाजूत अंदाज टाका, डावीकडे नवा अंदाज येतो, तो पुन्हा टाका. इथे क म्हणजे विकेंद्रताच, पृथ्वीसाठी ०.०१६७, बुधासाठी ०.२०५६. म्हणून पृथ्वी तीन-चार फेऱ्यांत हाती लागते आणि बुध जास्त दमवतो. आपल्या सिद्धांतग्रंथांत आणि त्यांच्या टीकांत अशा गणितांना असकृत्-कर्म म्हटलं आहे, म्हणजे एकदाच नव्हे, अनेकदा करायचं. दुसरं नाव अविशेष-कर्म. आलेली किंमत पुन्हा त्याच सूत्रात घालायची, आधीच्या आणि नंतरच्या किमतीत विशेष, म्हणजे फरक, उरला नाही की थांबायचं. अशी हाती आलेली किंमत ती अविशिष्ट.

आमच्या पुस्तकांत ‘स्थिर बिंदू’ हाच शब्द रूढ झाला आहे आणि आता तो बदलायचा नाही. पण स्थिर म्हटलं की तो आधीपासून तिथे बसलेला वाटतो, तिथवर पोचण्याची धडपड त्या शब्दात येत नाही. मला विचारलं असतं तर मी ‘अविशिष्ट’ घेतला असता.