लुकिनो व्हिस्कोन्ती यांचे चित्रपट आणि बोलीचा प्रश्न

लुकिनो व्हिस्कोन्ती (१९०६–१९७६) या इटालियन दिग्दर्शकाच्या कारकीर्दीचे दोन खंड कल्पिण्याचा समीक्षकांचा प्रघात आहे : पूर्वार्ध वास्तववादी, उत्तरार्ध वैभवप्रिय. मिलानच्या सरदार घराण्यात जन्मलेला, फ्रान्समध्ये झाँ रन्वार यांच्या हाताखाली उमेदवारी केलेला आणि साम्यवादाकडे वळलेला हा कलावंत अखेर आपल्या कुळाच्या ओढीने राजवाड्यांत परतला, असे या विभागणीचे तात्पर्य होय. चित्रपटांतील भाषेकडे पाहिले असता मात्र ही उपपत्ती अपुरी ठरते.

‘ला तेर्रा त्रेमा’ (१९४८) हा चित्रपट जोव्हान्नी व्हेर्गा यांच्या ‘ई मालाव्होल्या’ (१८८१) या कादंबरीवर आधारलेला आहे. व्हेर्गा यांनी कादंबरी इटालियनमध्ये लिहिली; पण म्हणी, वाक्यांची ठेवण आणि गावकीचा सामुदायिक सूर यांच्या योगे निवेदकाची भाषाच कोळ्यांच्या बाजूला झुकविली. व्हिस्कोन्ती यांनी नेमका उलटा मार्ग धरला. सिसिलीतील आची त्रेत्सा गावच्या कोळ्यांनाच त्यांनी भूमिका दिल्या व त्यांच्याच बोलीत त्यांना बोलू दिले. सिसिलीत इटालियन ही गरिबांची भाषा नव्हे, असे चित्रपटाच्या प्रारंभीच बजावलेले आहे.

परंतु ही बोली बहुसंख्य इटालियन प्रेक्षकांना दुर्बोध होती. म्हणून प्रमाण इटालियनमधील निवेदन तिला जोडण्यात आले. खरा पेच येथेच आहे. न्तोनी घर गहाण टाकून व्यापाऱ्यांच्या जाचातून सुटू पाहतो, वादळात नाव गमावतो आणि अखेरीस त्याच व्यापाऱ्यांच्या दारी मजुरीस उभा राहतो. हे दुःख तो स्वतःच्या शब्दांत बोलतो. त्याचा अर्थ मात्र निवेदक सांगतो. निवेदन केवळ भाषांतर करून थांबते असेही नाही. घटनांमागील कार्यकारणभाव तेच उलगडून दाखविते. बोलीला आवाज लाभला, अर्थनिर्णयाचा अधिकार मात्र प्रमाणभाषेकडेच राहिला.

पुढील चित्रपटांत हा पेच सुटला नाही. तो टाळला गेला. ‘रोक्को ए इ सुओई फ्रातेल्ली’ (१९६०) मध्ये दक्षिणेकडून मिलानला आलेले कुटुंब आहे. पण रोक्को फ्रेंच नट आलँ दलाँ, आई ग्रीक नटी कातिना पाक्सिनू, आणि इटालियन आवृत्तीत दोघांनाही परक्यांचे आवाज. ‘इल गात्तोपार्दो’ (१९६३) मध्ये सिसिलीच्या उमरावाची भूमिका बर्ट लँकेस्टर या अमेरिकन नटाने केली. त्याचाही आवाज उसना. तथापि येथे निवेदकाची गरज भासत नाही, कारण आपल्या वर्गाच्या अस्ताचा अर्थ हा उमराव स्वतःच सांगू शकतो. कोळ्याला दुभाषी लागतो, उमरावाला लागत नाही.

तेव्हा राजवाड्यांकडील वळण केवळ अभिरुचीचे नव्हे. जो स्वतःच स्वतःचे भाष्य करू शकतो अशा नायकाचा तो शोध होय. ‘इल गात्तोपार्दो’ला कान येथील सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि कलाकृती म्हणून तो अधिक एकसंधही आहे. पण कोणाचे दुःख कोणाच्या भाषेत सांगावे, हा प्रश्न १९४८ च्या सदोष चित्रपटातच उघडा राहिला आहे, आणि त्याचे मोल त्या दोषाहून मोठे आहे.