वैरवाचक मराठी शब्द आणि पर्यायत्वाचा प्रश्न

हेवा, मत्सर, आकस, अढी, डूख, वैर, तंटा, कज्जा हे शब्द कोशांत पुष्कळदा परस्परांच्या अर्थादाखल दिलेले आढळतात. या मांडणीमुळे त्यांतील भेद केवळ भावनेच्या तीव्रतेचा आहे, असा समज होतो. तो टिकण्याजोगा नाही.

शब्दाची सोबत करणारे क्रियापद ही यातील पहिली कसोटी होय. हेवा वाटतो, अढी बसते, आकस व डूख धरले जातात, कुरापत काढली जाते, वैर साधले जाते. हेवा मनात आपोआप उपजतो, म्हणून तो वाटणाऱ्यास दोष कमी. डूख धरणारा मात्र कर्ता ठरतो आणि वैर साधणारा तर संधीची वाट पाहणारा. दोष कोणाचा व किती, याचा निवाडा अशा रीतीने वाक्प्रचारातच झालेला असतो.

दुसरी कसोटी नात्याची. ‘भाऊबंदकी’ या शब्दात कलहाचा वाचक असा एकही घटक नाही. ‘पाटीलकी’, ‘माणुसकी’ यांतील ‘की’ हा प्रत्यय येथेही केवळ संबंध वा वृत्ती दाखवितो. तथापि नारायणराव पेशव्यांच्या 1773 मधील वधाशी निगडित नाटकास खाडिलकरांना ‘भाऊबंदकी’ (1909) एवढेच नाव पुरले. ‘सासुरवास’ या शब्दाचा व्युत्पत्त्यर्थ सासरी राहणे इतकाच. रूढार्थ मात्र छळ. उलट ‘माहेरवास’ म्हटले की विसावा सूचित होतो. नात्याचे नाव हेच येथे कलहाचे वा छळाचे नाव बनले आहे.

आंबेगाव तालुक्यातील निरगुडसर यासारखे शेतीप्रधान गाव डोळ्यांपुढे आणल्यास हा भेद व्यवहारात किती खोल जातो, ते ध्यानी येते. वाटणीनंतर ज्याच्या बांधाला बांध लागतो तो बहुधा भाऊबंदच असतो. बांध कोरला गेला तर तो तंटा. मोजणी करून, चार जण बसवून तो मिटविता येतो. महाराष्ट्र शासनाने 2007 साली गावोगावचे वाद सामोपचाराने मिटविण्यासाठी जी मोहीम सुरू केली, तिचे नाव ‘तंटामुक्त गाव’ असे ठेवले. शब्दाची ही निवड अचूक होती. ‘वैरमुक्त’ वा ‘भाऊबंदकीमुक्त’ गावाचे अभिवचन कोणत्याही समितीस देता आले नसते.

परंतु याच अचूकतेत एक मर्यादा दडलेली आहे. तंट्याला दोन पक्ष लागतात आणि दोघांनाही बैठकीत बोलता यावे लागते. सासुरवास एक करते आणि दुसरी सोसते. ‘सासुरवास मिटला’ असे मराठीत कोणी म्हणत नाही. सोसणारीला पक्षकाराचे स्थान नसल्यामुळे तिच्या दुःखास तंट्याचे नावही मिळत नाही. गावातील सर्व तंटे मिटले, हे विधान खरे असूनही तिच्याविषयी ते काहीच सांगत नाही.

सारांश, या शब्दांपुढे केवळ प्रतिशब्द देऊन कोशकाराचे कार्य पुरे होत नाही. कोणते क्रियापद जुळते, शब्द कोणत्या नात्यात वापरला जातो आणि ज्याचा तो वाचक आहे ते मिटू शकते की केवळ सोसावे लागते, या तीन गोष्टींची नोंद प्रत्येक शब्दाखाली व्हावयास हवी. ती नसेल तर ‘तंटा’ आणि ‘सासुरवास’ यांना ‘त्रास’ हा एकच अर्थ लावला जाईल, आणि दोहोंतील सोसणारी व्यक्ती कोशातूनही निसटेल.