‘गोअन क्रेझी’ : पहिल्या फितीची पारख

आमच्या लकडगंजच्या बाजारात लाकूड पारखूनच घेतात. नव्या गायकाची पारख मात्र बहुधा त्याचे नाव झाल्यावर होते. रेमो फर्नांडिस यांची ‘गोअन क्रेझी’ (१९८४) ही ध्वनिफीत त्याचे बोलके उदाहरण होय. मुंबईच्या कंपन्यांनी उत्साह दाखविला नाही, तेव्हा वास्तुकलेच्या या पदवीधराने गोव्यातील शिवोलीच्या घरीच गाणी मुद्रित केली. वाद्ये, स्वर, वेष्टनचित्र सारे स्वतःचेच. फिती स्कूटरवरून दुकानोदुकानी पोहोचविल्या, आणि गोवेकरांनी त्या आपल्याशा केल्या.

आमच्या मते या संग्रहाचे बळ त्याच्या विषयांत आहे. भाषा इंग्रजी, बाज पाश्चात्त्य रॉकचा. पण टेलिफोनची रडकथा अस्सल गोव्याची. उणीव एवढीच, की सारे एकहाती असल्याने ‘हे पुरे’ म्हणणारा दुसरा कान तेथे नव्हता. त्यामुळे विनोद कोठे कोठे लांबतो.

पुढे १९८७च्या ‘जलवा’ने कीर्ती देशभर गेली, २००७ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा स्तुती सोपी होती. खरे समीक्षक ते, ज्यांनी अनोळखी फीत पदरचे पैसे देऊन घेतली. वाचकहो, आपल्या घरचे मूल स्वतःचे गीत घेऊन आले, तर ते आधी शेवटपर्यंत ऐकावे. दोष मग सांगावेत.