आधी ग्रंथी की आधी हाडे?

रक्तातील कॅल्शियम वाढवणाऱ्या परावटू म्हणजेच पॅराथायरॉइड ग्रंथीच्या विकाराची गोष्ट बहुधा अशी सांगितली जाते: १९२५ साली व्हिएन्नात फेलिक्स मांडल याने एका ट्राम कंडक्टरच्या मानेतील या ग्रंथीची गाठ कापून काढली, लघवीवाटे जाणारे कॅल्शियम घटले, हाडांचे दुखणे थांबले. धाडसी शल्यविशारद आणि बरा झालेला रोगी! या मांडणीला माझा आक्षेप आहे. एक तर काही वर्षांनी तो आजार उलटला आणि रोगी दगावला. दुसरे म्हणजे, वर्गात सांगण्याजोगा भाग तीत नेमका गळून पडतो.

याच मांडलने आधी अगदी उलट उपाय केला होता. अपघातात मेलेल्या माणसाच्या परावटू ग्रंथी त्याने या रोग्याच्या शरीरात बसवल्या. गुण आला नाही. असे त्याने का करावे? व्हिएन्नातच याकोब एर्डहाइमला हाडे मऊ पडण्याच्या रोगात या ग्रंथी वाढलेल्या आढळल्या होत्या. ग्रंथी हाडांच्या मदतीला धावतात, असा अर्थ त्याने लावला. मदत अपुरी पडते, तर आणखी मदतनीस द्यावेत, हे ओघानेच आले.

एर्डहाइमला वेड्यात काढणेही बरोबर नाही. 'ड' जीवनसत्त्वाअभावी कॅल्शियम कमी पडले की ग्रंथी खरोखरच वाढतात, पण साऱ्याच्या साऱ्या. १९१५ साली फ्रीडरिख श्लागेनहाउफरने यावर बोट ठेवले. वाढ हाडांमुळे होत असेल, तर चारांपैकी एकच ग्रंथी का फुगावी? एकटीच वाढलेली दिसली तर तीच रोगाचे मूळ समजून काढून टाकावी. माझ्या मते शोध लागला तो इथे. सुरी दहा वर्षांनी चालली.

आजचे निदान याच तर्कावर चालते. १९६३ साली बर्सन आणि यालो यांनी या ग्रंथीचे संप्रेरक रक्तात मोजण्याची रीत दिली. कॅल्शियम १०० मिलिलिटरमागे साधारण साडेदहा मिलिग्रॅमच्या वर गेले, की निरोगी ग्रंथीने संप्रेरक आवरते घ्यायला हवे. तसे झाले असेल, तर कर्करोग, 'ड' जीवनसत्त्वाचा अतिरेक, क्वचित क्षयही शोधावा लागतो. आवरते घेतले नसेल, तर संशय ग्रंथीवरच. म्हणजे प्रयोगशाळेने 'नॉर्मल' म्हणून छापलेला संप्रेरकाचा आकडाही इथे दोषी ठरतो! मात्र लघवीतले कॅल्शियम पाहिल्याशिवाय सुरी उचलू नये. एका आनुवंशिक प्रकारात ते कमीच असते, आणि तिथे शस्त्रक्रियेची गरजच नसते.