पोटभर जेवणाऱ्यांची उणीव

जीवनसत्त्वांची कमतरता कोणाला होते, असे बदलापूरच्या शिरगावातील एखाद्या वर्गात विचारले, तर 'गरिबांना' हेच उत्तर येईल. आपणच तसे शिकवत आलो आहोत. या समजाला धक्का देणारा शोधनिबंध पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केला. शिक्षकांनी तो वाचावा, पण डोळसपणे वाचावा, असे आम्हांला वाटते.

निबंधाची मांडणी साधी आहे. ४४१ निरोगी मध्यमवयीन पुरुष निवडले : १४९ खेड्यांतील, १४२ झोपडपट्टीतील, १५० शहरी मध्यमवर्गातील. त्यांच्या रक्तातील ब-१२ जीवनसत्त्व व होमोसिस्टीन मोजले. होमोसिस्टीन हे शरीरातच तयार होणारे अमिनो आम्ल. त्याचे पुन्हा मेथिओनिन होण्यास ब-१२ आणि फोलेट दोन्ही लागतात. एक कमी पडले, की होमोसिस्टीन साचते.

एकूण ६७ टक्के पुरुषांत ब-१२ कमी होते. शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्के! होमोसिस्टीन वाढण्यात ब-१२च्या कमतरतेचा वाटा २८ टक्के, फोलेटचा अवघा २ टक्के निघाला. फोलेट पालेभाज्या व डाळींतून मिळते. ब-१२ मात्र जिवाणू तयार करतात आणि आपल्याला ते मुख्यतः दूध, अंडी, मासे, मांस यांतून मिळते. 'ब' गटाची सारी जीवनसत्त्वे एकाच ओळीत उरकणाऱ्या आपल्या तक्त्यांना हे चांगलेच उत्तर आहे. आणखी एक गोष्ट मोलाची : या पुरुषांत मोठ्या तांबड्या पेशींचा (मॅक्रोसायटिक) रक्तक्षय क्वचितच होता. चेहरा फिका नाही म्हणून कमतरता नाही, असे म्हणता येत नाही.

आता आमचे आक्षेप. पाहणीत स्त्रिया नाहीत. त्यामुळे 'शहरी लोक' असा सरसकट निष्कर्ष काढू नये. दुसरे, खेड्यातील पुरुषांच्या तुलनेत शहरी मध्यमवर्गाला होमोसिस्टीनवाढीचा धोका ७.६ असा आकडा येतो. हे शक्यतांचे गुणोत्तर आहे, माणसांच्या संख्येचे नव्हे. शहरी गटात शंभरांपैकी ७९ जणांचे होमोसिस्टीन वाढलेले होते. एकूण ५८ टक्क्यांवरून हिशेब केला, तर उरलेल्या दोन गटांत मिळून सुमारे ४७ येतात. संख्यांचे गुणोत्तर जेमतेम १.७, पण ७९:२१ ला ४७:५३ ने भागले, की ४.२! अकरावीच्या विद्यार्थ्यांकडून हा हिशेब जरूर करून घ्यावा. शिवाय 'शहरी मध्यमवर्गीय' असण्यातले नेमके काय बाधते, हे त्या आकड्यातून कळत नाही.

तिसरे, वाचक येथून थेट हृदयविकारावर उडी मारतात. २००६ सालीच 'होप-२' ही मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. साडेपाच हजारांवर रुग्णांना फोलिक आम्ल, ब-६ व ब-१२ दिले. होमोसिस्टीन उतरले, पक्षाघातही काहीसे कमी झाले, पण हृदयविकाराचे झटके व हृदयविकाराने होणारे मृत्यू लक्षणीय घटले नाहीत. धूर हटवला म्हणजे आग विझतेच असे नाही.

म्हणून ब-१२ची कमतरता क्षुल्लक ठरत नाही. तिने मज्जातंतूंना इजा होते, आणि नुसते फोलिक आम्ल घेतले तर रक्तक्षय सुधारूनही ती इजा चालूच राहू शकते. पुण्याचे आकडे शिरगावला जसेच्या तसे लागू करू नयेत. मात्र आठवडाभर घरात काय शिजले याची नोंद मुलांना ठेवायला सांगावी आणि त्यात ब-१२ कोठून आले ते शोधायला लावावे. पोट भरले म्हणजे पोषण झाले, हा समज त्या वहीतच तपासता येईल.